हातबोशी

मानक नगरच्या कॉलनीत आम्हां बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, दोनच घरं होती. एक माझं, दुसरं हायम झिराडकरचं. मी तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या लायब्ररीत, तो ड्रॉइंग ऑफिसात. लखनौत सिनेगॉग नव्हतं, म्हणून १९७३ पासून दर शुक्रवारी संध्याकाळी तो बायकोला, रिवकाला, घेऊन आमच्याकडे शब्बाथच्या प्रार्थनेला यायचा. मी वाचायचो, ते ऐकायचे.

प्रार्थना संपली की आमच्यात हातबोशी करतात. समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. तू आलास, मी तुला पाहिलं, एवढं त्यातून कळतं. पहिल्या शुक्रवारी हायमनं हात पुढे केले. मी पुस्तकं गोळा करत राहिलो. माझ्या तळहातांना कायम घाम असतो, आणि कुणाच्या डोळ्यांत पाहायची वेळ आली की मला घरातली चार कामं आठवतात. दुसऱ्या शुक्रवारीही तेच झालं. त्यानंतर त्यानं हात पुढे केले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

आठ वर्षांनी त्यांचं इस्राएलला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी रिवका मलिहाबादी आंब्यांच्या रिकाम्या पेटीतून उरलेली भांडी द्यायला आली. तिकडे गेल्यावर आम्हांला विसरू नका, असं माझी बायको लिया सहज म्हणून गेली. रिवकानं पेटी खाली ठेवली.

"वहिनी, तुम्ही जेवू घातलंत ते नाही विसरणार. पण काळ्यांच्या हाताला हात लावायचा नाही, हे भाऊजींनी इतक्या लांब येऊनही पाळलंच ना?"

गोरे आणि काळे हा आमच्या जमातीतला जुना भेद. ज्यांच्या घराण्यात कधी काळी बाहेरची बाई आली असं मानत, ते काळे. हायमच्या आजोबांना गावात कुणी हातबोशी देत नसे, हे मला त्या दुपारी कळलं. झिराडकर काळे की गोरे, हा विचारही माझ्या मनात कधी आला नव्हता. निदान मला तसं वाटतं.

मी तसाच त्यांच्या क्वार्टरवर गेलो. हायम वळकटी बांधत होता. मी घाम, भिडस्तपणा, सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नसेन. त्यानं दोरीची गाठ पक्की केली.

"मुंबईच्या पाहुण्यांना दिलीत साहेब. शहात्तर साली. मी समोरच बसलो होतो."

ते लियाचे मामा. त्यांनीच माझा हात ओढून घेतला होता. मी तसं सांगितलं, पण सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. शेवटी मी दोन्ही हात पुढे केले. त्यानं आपले हात पायजम्याला पुसले, माझा हात घेतला, बोटं ओठांना लावली.

"असू द्या साहेब. तुम्ही घरी आलात, एवढं कोण करतं?"

त्याच्या आवाजात जराही राग नव्हता. घरात उरलेली एकुलती खुर्ची त्यानं रुमालानं झटकून मला दिली आणि शेजारच्यांकडून चहा मागवला. चहा येईपर्यंत तो माझ्यासमोर उभाच राहिला. वळकटीवर बस, म्हणून मी दोनदा सांगितलं.

तो बसला नाही.