न विणलेली चार बोटे

खंडेराव, खंडेरावांचे पुत्र मच्छिंद्रराव, मच्छिंद्ररावांचे पुत्र नानासाहेब. पहिले माझे सासरे, दुसरे माझे यजमान, तिसरा माझा मुलगा. या तिघांची लग्ने एकाच अंतरपाटाआड लागली. चौथा बब्रुवान, माझा नातू. त्याच्यासाठी ते कापड मी ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात जपून ठेवले होते.

ते कापड आमचे नव्हते. हे पूर्वीच सांगायला हवे होते. कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही.

खंडेरावांच्या लग्नात अंतरपाट आणायचाच राहिला. मुहूर्ताची घटका भरत आली, गुरुजींचा आवाज कापू लागला. तेव्हा मांडवात बसलेले कोष्टी गल्लीतले शिवलिंगप्पा कोष्टी उठले. मागावरचे कापड पुरे व्हायला चार बोटे उरली होती, तरी त्यांनी ते तसेच कापून आणले. एका टोकाला न विणलेल्या दशा मोकळ्या लोंबत राहिल्या. "आमच्या घरी लग्न निघंल तवा परत द्या," एवढेच ते म्हणाले. आमच्या वडीलधाऱ्यांनी मान डोलावली. पुढे मुलगे झाले, शेत पिकले, कापड लाभी ठरले आणि आमच्याकडेच राहिले. शिवलिंगप्पांचे पुत्र बसप्पा आपल्या मुलाच्या लग्नासाठी ते मागायला आले, तेव्हा दारात मी उभी होते. मी त्यांना कोरा मांजरपाट दिला. "हा घ्या, त्याच्याहून चांगला आहे," मी म्हणाले. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि ते गेले. त्या मांजरपाटाआड जिचे लग्न लागले ती शांतम्मा. तिचा एकुलता एक मुलगा मल्लिकार्जुन.

शहाऐंशी सालचा दुष्काळ. नानासाहेब गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. बब्रुवान पुण्याला राहून कॅमेऱ्याचे काम शिकला होता. सोसायटीच्या चारा छावणीचा सिनेमा काढण्यासाठी नानासाहेबांनी त्याला बोलावून घेतले. छावणीचे काम आठ दिवसांत उरकले, तरी तो दोन महिने राहिला. एके दिवशी माझ्याजवळ येऊन बसला.

"आजी, तो अंतरपाट द्याल का?"

मला इतका आनंद झाला की मी लगेच उठले. "कुणाची मुलगी रे? लोहाऱ्याची का तुळजापूरची?"

"सिनेमात लागतोय, आजी."

"मग सिनेमातली तरी कुणाची?"

तो हसला नाही. मी कापड दिले.

रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलच्या खिडक्यांना पेंडीची रिकामी पोती लावून अंधार केला. आधी छावणीचा सिनेमा झाला. जो तो पडद्यावर आपले जनावर शोधत होता. "आरं, माझा पाखऱ्या! बघा कसा वळून बघतोय चेअरमनकडं!" असा गलका. मग बब्रुवान पुढे येऊन म्हणाला, "आता दुसरा. हा सोसायटीचा न्हाई, माझा हाय. काम मल्लिकार्जुननं केलंय. ज्याला जायचं त्यानं जावं." फुकटचा सिनेमा सोडून कोण जाते?

त्यात मल्लिकार्जुन कोष्टीच झाला होता. उजव्या घोट्याला काळा दोरा. दुष्काळात एक वाटसरू त्याच्या दारी पाणी मागतो. घरातला शेवटचा तांब्या कोष्टी त्याला देतो. वाटसरू त्याच्या गालावर ओला तळवा ठेवतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवसापासून कोष्टी मागाच्या खांबांना आमचा अंतरपाट बांधून भर दुपारी त्याच्यासमोर उभा राहतो. पलीकडे कोणी श्वास घेते. कापड आत ओढले जाते, बाहेर फुगते. खाली दोन पावले दिसतात. ती गेल्यावर जमिनीवर ओले ठसे उरतात. ज्या गावात घोटभर पाणी नाही, तिथे ओले ठसे! शेजारी बसलेल्या हरणाबाईने माझा दंड करकचून धरला. कोष्टी जेवण टाकतो, माणसांत जाणे टाकतो. सूत संपते तेव्हा स्वतःचे केस उपटून त्या मोकळ्या दशांत गुंफतो. शेवटी धीर करून कापडाच्या पलीकडे जातो. पलीकडे कोणीच नसते. तो वळून पाहतो, तर जिथून तो निघाला होता तिथे आता कापडाखाली दोन पावले उभी असतात, आणि उजव्या घोट्याला काळा दोरा.

दिवे लागले. मागून सोसायटीचा सभासद बाबूराव ओरडला, "बाप्याच्या मागं बाप्या? ह्यो कसला सिनेमा म्हनायचा?" कोणी हसले, कोणी थुंकले. मल्लिकार्जुन सोसायटीत दुधाचे फॅट काढीत असे, कुणाच्या दुधाला किती कस ते तपासून लिहीत असे. त्याच्या हाती आम्ही दूध घालणार नाही, असे चारसहा सभासदांनी तिथेच बजावले. दिवस मावळायच्या आत निर्णय झाला. सकाळी चौकात सिनेमाचे रीळ जाळायचे आणि मल्लिकार्जुनने गाव सोडायचे.

मी बब्रुवानला समोर बसवले. "खरं सांग. तो वाटसरू कोण?"

"मीच."

"आणि तो कोष्टी?"

"त्योबी मीच, आजी." तो जमिनीकडे पाहत होता. "मल्लिकार्जुननं मला कधी लपवलं न्हाई. भ्यालो मी. सहा वर्सं झाली, दिवाळीला येतो, त्याच्या दारावरनं मान खाली घालून जातो, आन् पुण्यात दिवसभर त्याच्याशी एकटाच बोलत बसतो. एक दिस स्वतःचाच आवाज त्याच्यावानी वाटला. तवा लई भ्यालो. म्हणून काढला हा सिनेमा."

माझ्या बाजूने मी एवढेच सांगेन: त्या हॉलमध्ये मीही भ्याले होते, पण पावलांना नाही. ते कापड कोणाच्या हातांनी अडवले होते, हे मला ठाऊक होते.

सकाळी नानासाहेब आले, तेव्हा मी रिळाचा डबा ओसरीवर ठेवून त्याच्यावर बसले होते.

"आई, उठा."

"का?"

"डबा पाहिजे. लोक चौकात थांबलेत."

"मग चहा पाठव त्यांना."

"निवडणूक महिन्यावर आली. आपल्या घरात असलं—"

"आपल्या घरात काय काय झालं ते मला विचार, नाना. पन्नास वर्षं झाकणं मीच घालत आले. आणि तुला चेअरमन कुणी केलं? म्हशी बायका सांभाळतात, धारा बायका काढतात; सही तेवढी तुझी. त्या बायकांना मी आज सांगितलं तर उद्या तुझे कॅन कोरडे वाजतील."

"आई, त्यो तुमचा नातू हाय म्हणून—"

"माझा नातू आहे म्हणूनच. डबा जाळायचा तर माझ्यासकट जाळ. फक्त दुष्काळात लाकूड महाग आहे, तेवढा विचार कर."

मग मी उठले. डबा बब्रुवानच्या हाती दिला, सिनेमातले केस सोडवून त्याने परत केलेले कापड ट्रंकेतून काढून दोन्ही तळहातांवर घेतले आणि पदर सारखा करून त्याला घेऊन रस्त्याला लागले. आमच्या घरची सून त्या दिवसापर्यंत कोष्टी गल्लीत पायी गेली नव्हती.

चौकात दुधाची रांग होती आणि शेजारी रॉकेलचा डबा घेऊन बाबूराव.

"पाटलीणबाई, कुठं निघाला?"

"कोष्ट्यांचं देणं द्यायला. आणि ऐक, उद्यापासून दूध मल्लिकार्जुनच बघणार. ज्याला चालत नाही त्यानं आपलं दूध घरी प्यावं."

"प्यावं की!" रांगेतून हरणाबाई म्हणाली. "बाबूरावच्या दुधात तसंबी पानीच असतंय. फॅट काडनारा गेला की ह्येला बरं." रांग हसली. बाबूरावने रॉकेलचा डबा पाठीमागे धरला.

मल्लिकार्जुन पत्र्याच्या पेटीला दोरी बांधत होता. शांतम्मा उंबऱ्यात बसली होती. ती उठली नाही.

"या, पाटलीणबाई. दार उघडंच हाय. आमचं कवाच बंद नव्हतं."

"शिवलिंगप्पांचं कापड आणलंय, शांतम्मा."

"आता? माझं लगीन हून अठ्ठावीस वर्सं झाली की."

"तेव्हा मी चुकले."

गल्लीभर माणसे उभी होती. त्यांच्यासमोर हे वाक्य म्हणताना मी आवाज खाली केला नाही.

शांतम्माने मला नीट पाहून घेतले. "मांजरपाट बरा होता तुमचा," ती म्हणाली. "मल्लूला जन्मल्यावर त्यातच गुंडाळला. मग त्याची फडकी झाली."

"हे परत करायची एक अट होती. तुमच्या घरी लग्न निघेल तेव्हा." मी मोठ्याने विचारले, "शांतम्मा, तुमच्या घरी लग्न आहे का?"

तिने आपल्या मुलाकडे पाहिले. बब्रुवानकडे पाहिले.

"वाजंत्री न्हाय, जेवण न्हाय, न्हायला पानी न्हाय," ती म्हणाली. "पर हाय म्हणा."

मी कापडाचे एक टोक मल्लिकार्जुनच्या हाती दिले. दुसरे बब्रुवानला द्यायचे, तर त्याच्या हातात रिळाचा डबा. मागे वळून पाहिले. नानासाहेब आमच्या पाठोपाठ आले होते.

"धर," मी म्हणाले.

चेअरमननी डबा धरला.

"आता घडी घाला," मी मुलांना सांगितले.

त्यांनी कापड ताणून धरले. क्षणभर ते दोघांच्या मध्ये उभे राहिले, आणि मला पडद्यावरची ती दुपार आठवली. मग घडी घालताना जसे होते तसेच झाले. कापड खाली आले, दोघे एकमेकांकडे चालत गेले, टोकाला टोक लागले, बोटांना बोटे. एकाच्या हातचे टोक दुसऱ्याने घेतले. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. तिसऱ्या घडीला त्यांच्यात टीचभरही अंतर उरले नाही, आणि कोणी मान खाली घातली नाही.

मल्लिकार्जुनने घडी आईच्या मांडीवर ठेवली. शांतम्माने ती उलटी करून टोक शोधले. मोकळ्या दशांवर आपली चार बोटे आडवी ठेवून पाहिली.

"चार बोटं तशीच हायती," ती म्हणाली.

"तशीच आहेत."

"मग पोचलं," शांतम्मा म्हणाली. "सगळं पोचलं."