बुबूचं मसी

आमच्या बेटावर कुणी ‘केरेकेरे’ म्हणून काही मागितलं, तर नाही म्हणायचं नसतं. पण मागणाराही मोकळा राहत नाही. उद्या आपण मागितलं, की त्यालाही द्यावंच लागतं. हे कुणी शिकवत नाही, घरात बघून कळतं.

माझ्या भावाची मुलगी केलेरा राजधानीत, सुव्याला, माझ्याकडे राहून विद्यापीठात कला शिकत होती. शेवटच्या वर्षी तिने मसी करायला घेतलं. मसी म्हणजे झाडाची साल भिजवून, कुटून केलेलं कापड. सुट्टी लागली की ती बेटावर बुबूजवळ, म्हणजे माझ्या आईजवळ, जाऊन बसायची. एक्स-रेच्या जुन्या फिल्म कापून दोघींनी नक्षीचे साचे केले.

“बुबू, साल फाटतेय गं.”

“साल नाही, तुझं लक्ष फाटतंय. कुट.”

बुबूची अट एकच होती. “तुझी परीक्षा झाली की हे माझं. मला यातच गुंडाळून पुरायचं. दुकानातली चादर घातलीत तर उठून बसेन, सांगून ठेवते.”

केलेराला कलाशाखेचं पहिलं बक्षीस मिळालं. बुबू होडीने आली, केसांत फूल खोचून पहिल्या रांगेत बसली. मसी सभागृहाच्या भिंतीवर टांगलं होतं. कुलगुरू परदेशातून आलेले, बोलायला गोड. भाषण संपवताना ते बुबूकडे वळून हसत म्हणाले, “बुबू, केरेकेरे! हे मसी आमच्या सभागृहाला द्या की!”

सगळे हसले. बुबू हसली नाही. काठी टेकत उठली, देताना वाजवायच्या रिवाजाप्रमाणे तीनदा हलकेच टाळी वाजवली आणि म्हणाली, “दिलं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. केलेराचा चेहरा उतरला. बाहेर येताच ती आजीवर चिडली, “बुबू, ते तुझं होतं!”

“मोठ्या माणसाने चारचौघांत मागितलं. नाही कसं म्हणू? आणि आता तो आपला झाला. वेळ आली की मागू, देईल.”

वेळ लवकरच आली. पावसाळा संपता संपता बुबूने अंथरूण धरलं. पहाटेची प्रार्थना आटोपून मी यंगोनाच्या, म्हणजे ज्याचं मानाचं पेय करतात त्या झाडाच्या, मुळ्यांची जुडी बांधली आणि केलेराला घेऊन कुलगुरूंकडे गेले. ही जुडी घेतली, की मागणं मान्य झालं असं आमच्यात समजतात. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

केलेरा खाली बघत म्हणाली, “सर, बुबू फार दिवस नाही. ते मसी... केरेकेरे.”

ते मोठ्याने हसले. “वा! माझाच डाव माझ्यावर!” मग आमची तोंडं बघून गंभीर झाले. “अगं, ते आता विद्यापीठाच्या संग्रहात गेलं. विमासुद्धा उतरवलाय. माझ्या एकट्याच्या हातात नाही. असं करू, मोठा रंगीत फोटो काढून देतो. छान चौकटीत.”

“फोटोत माणूस गुंडाळता येत नाही, सर,” केलेरा म्हणाली.

“चल, पोरी,” मी म्हटलं. जुडी त्यांच्या टेबलावरच राहिली. दिलेलं परत उचलत नाहीत आमच्यात.

बेटावर पोचताच बुबूने विचारलं, “दिलं ना त्याने?”

केलेरा माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलायचं नाही हे माझं रोजचं व्रत. मी बुबूची उशी सारखी करू लागले. मग केलेराच म्हणाली, “दिलं, बुबू. आणलंय.” आणि दुकानातून आणलेली पांढरी चादर तिच्या हाताखाली सरकवली.

बुबूने बोटं फिरवली. आयुष्यभर साल कुटलेली बोटं ती. बराच वेळ फिरवली.

“छान कुटलंयस,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याच चादरीत तिला पुरलं.

पदवीदानाला केलेरा गेली नाही. मसीखाली आता पितळी पाटी आहे, तिच्यावर केलेराचं नाव आणि पुढे ‘आजींची प्रेमाची भेट’. कुलगुरू दरवर्षी नव्या मुलांना ती गोष्ट सांगतात म्हणे, आमची माणसं किती उदार म्हणून.

रोज पहाटे मी त्यांचंही नाव घेऊन प्रार्थना करते. नेम आहे म्हणून करते.