कोकराचा गुडघा

"बाटलीच नासकी आली असणार. विमानतळावर उन्हात पडून राहिली असेल, दुसरं काय!" सूक्ष्मदर्शकावरून डोळा न हलवता रुमेन पुटपुटला.

त्याच्या कोपराशी बसून काचपट्ट्या पुसणाऱ्या नेदाने ऐकलं आणि सोडून दिलं. मागच्या महिन्यात पाणी वाईट होतं, त्याआधी गरम पेटी बिघडली होती. दोष द्यायला आता खोलीत नेदाचा हातच तेवढा उरला होता. पण डॉक्टर झाला तरी रुमेन वळणाचा मुलगा. तिथपर्यंत यायला त्याची जीभ रेटत नव्हती.

प्लोव्हदिव्ह शहरातल्या त्या प्रयोगशाळेत नेदा लग्नाआधीपासून काचपट्ट्या रंगवत होती. काम सांगायला सोपं. ऊतीचा केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचा आणि त्यावर बाटलीतल्या अँटिबॉडीचा थेंब सोडायचा. ही अँटिबॉडी म्हणजे मानी पाहुणी. गावात शंभर घरं असली तरी ती आपल्या एकाच घरी उतरणार. जी कूर्चा पुढे हाड होणार, तिच्यात एक प्रथिन तयार होतं, ते तिचं घर. पाहुणी उतरली की तिथे तपकिरी रंग चढतो. नाही उतरली तर काच कोरी.

आणि प्रोफेसर तोपालोवांना काच कोरी हवी होती. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशींपासून त्यांनी कूर्चा वाढवली होती, झिजलेल्या गुडघ्यात बसवायला. डोंगरात तंबाखूची पानं खुडता खुडता त्यांच्या आईचे गुडघे गेले होते. शेवटी शेवटी ती अंगणातसुद्धा बसून सरकायची. तिच्यासाठी हाती घेतलेलं काम ती गेल्यावरही सुटलं नाही. गुडघ्यातली कूर्चा जन्मभर मऊ राहायला हवी. तिचं हाड झालं, तर माणसाच्या सांध्यात आपल्या हाताने खडा ठेवल्यासारखं.

काचा मात्र तपकिरी येत होत्या. दर वेळी.

"पुन्हा कर," सर म्हणायचे. नेदा पुन्हा करायची. हात कापायला नको म्हणून तिने सकाळची कॉफीदेखील सोडली. काय ते तिला केव्हाच कळलं होतं. पण ज्याच्या घरातला दिवा विझत चाललाय, त्याला आपण होऊन कोण सांगणार?

शेवटी सरच म्हणाले होते, "बाटलीचीच परीक्षा घेऊ. जिथं रंग यायलाच हवा, असं काहीतरी आण." म्हणजे वाढत्या वयाच्या जनावराचं सांध्याजवळचं हाड. कूर्चेचं हाड होण्याचं काम तिथे रोजच चाललेलं असतं.

संत गेओर्गीचा सण तोंडावर होता. त्या दिवशी घरोघर कोकरू कापतात. नेदा गावी दिराकडे गेली.

"लोक मांडी मागतात, कलेजी मागतात," चुलीपाशी जाऊबाई खो खो हसल्या, "आणि हिला गुडघा पाहिजे! तोही कच्चा! शहरात इतके वाईट दिवस आलेत का गं?"

"मला नको आहे. सरांना हवाय."

"अस्सं! माझा दीर जिवंत होता तेव्हा त्याच्यासाठी कधी काही मागितलं नाहीस ते!"

नेदा हसली नाही. मग जावेनेही मुकाट्याने गुडघा फडक्यात बांधून दिला.

औषधात मऊ व्हायला त्या हाडाला बरेच दिवस लागले. काल एकदाचा काप निघाला आणि नेदाने तीन काचा शेजारी शेजारी रंगवल्या. एक सरांच्या कूर्चेची, एक कोकराची, आणि एक पुन्हा सरांच्याच कूर्चेची, पण अँटिबॉडी न घालता, रंग उगाच तर चढत नाही ना ते बघायला.

पहिली पाहून रुमेनने बाटलीला शिव्या घातल्या होत्या. आता त्याने कोकराची काच लावली. हाड जिथे वाढतं, नेमक्या त्या रेषेवर तपकिरी पट्टा. बाकी सगळं लख्ख. तिसरी काच स्वच्छ कोरी. बाटली चांगली होती. हातही.

तोपालोव कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आले. त्यांनी तिन्ही काचा पाहिल्या. कोकराची दोनदा पाहिली.

"छान रंगलीय," ते म्हणाले.

"सर," रुमेनने घसा साफ केला, "उद्या समितीला अहवाल जायचाय. जूनच्या शस्त्रक्रियेची परवानगी त्यावरच आहे. सेव्दाबाई दोनदा येऊन गेल्या." सेव्दा म्हणजे पहिली रुग्ण. डोंगरातल्या गावात टपाल वाटायची, काठी टेकत अजूनही चढण चढायची. "आपण असं लिहू का... की रंगवताना काहीतरी चुकलं. निष्कर्ष काढता येत नाही. बस, एवढंच."

हे बोलताना तो जमिनीकडे बघत होता. नेदाने हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"माझं नाव घाला," ती म्हणाली. "म्हातारी झाली म्हणावं, हात थरथरतो. निवृत्तीला आलेल्या बाईला कोण विचारतंय?"

बोलून गेली खरी. उभ्या जन्मात अभिमान धरावा असं तिच्याकडे ते दोन हात सोडले तर दुसरं होतं काय!

"वेडी आहेस का?" तोपालोव हळूच म्हणाले. "तुझं नाव घातलं, म्हणजे जूनमध्ये त्या बाईचा गुडघा मी उघडायचा आणि आत हेच बसवायचं."

"मग पुन्हा एकदा करते ना, सर. दुसऱ्या कंपनीची बाटली मागवू, तिला—"

"नको."

त्यांनी स्टूल ओढलं आणि जपून, एका हाताने टेबल धरून बसले. खिडकीबाहेर लिंडेनला मोहोर आला होता. त्याचा गोड वास रसायनांच्या वासात मिसळून खोलीभर साचला होता. कुणी खिडकी लावायलाही उठलं नाही.

"गेल्या हिवाळ्यातच दिसलं होतं मला," ते नेदाला म्हणाले. "तुलाही दिसलं होतं. आपण दोघं एकमेकांना सांभाळत बसलो."

नेदा टेबलावरचे हातमोजे घडी करू लागली. नाही म्हणायचीही तिची छाती झाली नाही.

मग ते रुमेनकडे वळले. "घे, पोरा. लिही. त्या कूर्चेचं हाड होतंय."