चेंबरखालचा पत्रा

नाना जीपखाली उताणे झोपले होते आणि तृप्ती बाहेर उकिडवी बसून जड पत्र्याची एक कड दोन्ही हातांनी उचलून धरत होती.

"नीट धर गं. माझ्या नाकावर पडला तर नाक तुझ्या आजीसारखं होईल."

ही जीप नानांनी देवळाली कॅम्पच्या लिलावात घेतली होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर पेठच्या पुढे, जुना सोबती सहादू याच्या पाड्यावर जायचं, चार दिवस राहायचं, एवढीच त्यांची चैन. गेल्या वर्षी त्या वाटेवरच्या एका दगडानं इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फोडलं आणि जीप ट्रॅक्टरला बांधून आणावी लागली. म्हणून आता अंबडच्या लहानू वेल्डरकडून जाड पत्रा वाकवून आणला होता. तो चेंबरखाली बसवायचा, दोन्ही दारांखाली पाइप लावायचे.

आई ओट्यावर गवार मोडत होती. "अहो, लढाईवर निघालात का?"

"सहादूकडे निघालोय. लढाईला जायचं तर सडक बरी असते."

नानांची एक पद्धत होती. सगळे बोल्ट आधी नुसत्या हातानं फिरवून बसवायचे, पाना लावायचा शेवटी, तोही समोरासमोरच्या बोल्टांना आळीपाळीनं. "एकाला आधी आवळलं की बाकीचे रुसतात, लग्नातल्या सोयऱ्यांसारखे. मग भोकंच जुळत नाहीत." त्या दिवशी दोन बोल्ट कमी पडले. होते तेवढे हातानं बसवून नाना बाहेर आले.

"उद्या आणतो दोन. मग आवळू."

रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "दिवाळीनंतर पाड्यावर जायचं म्हणतोय. येशील? की तोवर ठाण्याला गेलेली असशील?"

तृप्ती नवऱ्याच्या घरून येऊन दीड महिना झाला होता. का आली, हे नानांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"बघू," ती म्हणाली.

"बघ," नाना म्हणाले आणि आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना खुर्चीतच गेले. कपातल्या चहावर साय धरली होती. डॉक्टर येऊन गेले, शेजारणींनी आईला धरून आत नेलं. तृप्ती कप विसळायला उठली आणि तिच्या मनात आलं, बोल्ट आणायचे राहिले. त्यापलीकडे काही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी रामकुंडावर न्यायच्या होत्या. पुण्याहून आलेला तिचा भाऊ मनोज म्हणाला, नानांच्याच गाडीतून नेऊ. प्रत्येक गतिरोधकावर खालून खडखडाट उठत होता. मांडीवर कलश धरून बसलेल्या मामांनी दोनदा वाकून पाहिलं.

"काय वाजतंय रे हे?"

"काय माहीत. नानांनी काहीतरी ठोकून ठेवलंय खाली."

काय वाजतंय ते तृप्तीला ठाऊक होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. येतानाही ते तसंच वाजत आलं.

तेराव्याला ठाण्याहून तिचा नवरा आला. चांगला वागला. पंगतीत वाढलं, आईच्या पाया पडला. जेवणं उरकल्यावर मनोज आणि तो ओट्यावर बसून बोलत होते, ते तिला आतून ऐकू येत होतं. देवळ्याचा एकजण जीप घ्यायला तयार होता, पण त्याला ती खालची लोखंडी भानगड नको होती.

"पत्रा आज काढून टाकतो," मनोज म्हणाला. "आणि दाजी, तुम्ही ताईला उद्याच घेऊन जा. इथं नुसती बसून राहते. बोलत नाही, रडत नाही."

"हो, उद्या सकाळी निघतो आम्ही."

तृप्ती मागच्या दारानं बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात नानांनी बोल्ट कमी पडले त्याच दिवशी फोन करून दोन काढून ठेवायला सांगितले होते. दुकानदारानं ते कागदात बांधून दिले आणि नानांची चौकशी केली. त्याला कळलं नव्हतं. तिनं सांगितलं नाही.

परत येऊन तिनं पोतं अंथरलं, नानांची पान्यांची पेटी ओढली आणि साडी खोचून जीपखाली सरकली. पत्र्यावर धूळ आणि कुठूनतरी उडालेला गुलाल होता. दोन्ही बोल्ट तिनं हातानं बसवले. बाकीचे चाचपले. सैल झाले होते, पण एकही गळाला नव्हता. मग पाना लावला. डावीकडचा थोडा, उजवीकडचा थोडा, पुन्हा डावीकडचा. पत्रा सरकत सरकत जागेवर आला आणि घट्ट बसला. तिनं मुठीनं ठोकून पाहिलं. वाजला नाही.

मनोजच्या चपला चाकापाशी येऊन थांबल्या. "ताई? काढतेयस ना?"

ती उताणीच पडून होती. नाकापासून वीतभर अंतरावर पत्रा होता.

"नाना," ती पत्र्याकडे बघत म्हणाली, "दिवाळीनंतर मी येते पाड्यावर. मी ठाण्याला परत जाणार नाही."

"काय? कोणाशी बोलतेयस?"

मनोजच्या चपलांमागे आणखी एक जोडी येऊन उभी राहिली होती, काळे बूट, पॉलिश केलेले. तृप्तीनं पाना पोटावर ठेवला आणि त्या बुटांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते पुन्हा म्हटलं.