आमचे टॉवेल

मी भाताचा कुकर बोलतोय. पन्नास जणांचा भात एका दमात शिजवायची माझी ताकद, आणि हल्ली माझ्या तळाशी चार मुठी तांदूळ पडतात. चिडू नको तर काय करू?

कुवाबारा बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी मुलांना दर शुक्रवारी फुकट जेवू घालणारी ही संस्था काढली. तेव्हा मला नवाकोरा आणला. ज्यांचे आईबाप रात्रपाळीला, अशी मुलं यायची. मी काठोकाठ भरलेला असायचो.

मग गावातून देणग्या येऊ लागल्या आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

आमच्या जपानात कुणी काही दिलं की निम्म्या किमतीची भेट उलट पाठवतात. लग्नात, आजारपणात ठीक आहे हो, पण देणगीलाही? दहा हजार येन आले की बाई पाच हजारांचे टॉवेल पाठवणार, वर टपालखर्च.

हिशेब बघणारे मोरिशिता वैतागायचे. "अहो बाई, हे पैसे मुलांचे आहेत."

"म्हणून घ्यायचं आणि गप्प बसायचं? बाजारात तोंड कसं दाखवू मी?"

"टॉवेल आहेतच की. झाकून घ्या."

बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. टॉवेलांची खोकी मात्र जात राहिली. ती भारी खोकी पाहून लोकांना वाटलं, यांचं झकास चाललंय. देणग्या आटल्या. त्यात तांदूळ महागला. जेवण एका शुक्रवाराआड होऊ लागलं. हे सगळं मला दिसत होतं आणि मला तर झाकणसुद्धा स्वतःहून आपटता येत नाही.

परवा पहिलीतली चिनात्सु अर्धा वाडगा खाऊन उठली. उरलेला भात तिने दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला.

"पोट भरलं का गं?"

"नाही. हे परतीचं आहे. आमच्याकडे टॉवेल नाहीत."

बाईंनी तिला पुन्हा बसवलं. "सगळं खा, राणी. हे परत करायचं नसतं."

आज संस्थेची सभा आहे. जेवण चालू ठेवायचं की दार लावायचं, ते ठरेल. कोपऱ्यात पाठवायच्या खोक्यांची चळत अजून तशीच आहे.

बाई, त्या पोरीला सांगितलंत तेच जरा स्वतःलाही सांगा. मुलांनी जेवावं म्हणून लोकांनी दिलंय. ती खोकी दुकानदाराला परत करा आणि मला भरा.