तन्वीचं सोनं

एक फोन आला आणि राष्ट्रीय रोड रेसमध्ये दुसरी आलेली शर्वरी बसल्याजागी पहिली झाली. पहिली आलेली तन्वी डोपिंगमध्ये सापडली होती. दोघी एकाच व्यावसायिक सायकल संघाच्या, मल्हारगंजातल्या एकाच गल्लीत वाढलेल्या.

शर्वरीच्या बाबांनी लगेच जिलबी मागवली. "सोनं ते सोनं, बेटा!"

शर्वरीने जिलबी तशीच ठेवली. ती तडक तन्वीकडे गेली. तन्वी गच्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"खरं आहे?"

"सौ टका. रक्त वाढवायची इंजेक्शनं घेतली."

"म्हणजे मला फसवलंस!"

"फसवलं. पण एक सांग यार. तुझं हिमोग्लोबिन मुळातच चांगलं. माझं गोळ्या खाऊन-खाऊनही वर येईना. मी ते तुझ्याइतकंच केलं, जास्त नाही. तुला देवाने फुकट दिलं, मी सुईने घेतलं. इसमें बेईमानी किसकी?"

"नियम आहे ना!"

"तुझा दम्याचा पंप नियमात बसतो, माझी सुई नाही. ही रेघ कुणी आखली?"

तन्वीचं पटतंय की काय, या विचाराने शर्वरी आणखीच चिडली.

"सिमरोलच्या चढावर तू मला मागे टाकायचीस," ती म्हणाली, "तेव्हा मी घरी येऊन रडायचे. मीच कमी पडते असं वाटायचं. वजन घटवायला जेवण सोडलं मी. ते कुठल्या रेघेत बसतं?"

तन्वीने मान खाली घातली. "ते मला माहीत नव्हतं गं," एवढंच ती म्हणाली.

शर्वरी तिच्या शेजारी बसली. उठून जावं की तिच्या खांद्यावर हात ठेवावा, हेही तिला कळेना. शेवटी खालून तन्वीच्या आईने चहाला हाक मारली, आणि दोघी खाली गेल्या.

पुढच्या महिन्यात महाराष्ट्र समाजाच्या हॉलमध्ये सत्कार झाला. पदक गळ्यात पडलं. सूत्रसंचालन करणाऱ्या सुमेधाताईंनी माईक पुढे केला. "डोपिंगबद्दल मुलांना काय सांगशील?"

"चूक आहे," शर्वरी म्हणाली. "म्हणजे... चूकच आहे. पण..."

पुढचं वाक्य येईना. लोकांना वाटलं, पोरगी भारावली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या दाराशी तन्वी उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्या पदकासाठी होत्या की त्या 'पण'साठी, हे शर्वरीला काही केल्या उमजेना.