नुसती अडचण

“सत्तारभाऊ, इमान डोकावर फिरी ऱ्हायनं. ढीग पेटाडू का?” धावपट्टीवरचा गडी दावीद आभाळाकडे बोट करत दारातून ओरडला.

“थांब रे! तो पॅन म्हनी ऱ्हायना,” रेडिओच्या जाळीला कान लावून सत्तार म्हणाला.

लढाईतला चव्वेचाळीस सालचा उन्हाळा. खांडबाऱ्याजवळच्या माळावर सरकारने विमानांसाठी धावपट्टी आखली होती. त्या दिवशी धूळ अशी, की बैल आपलीच शेपटी हुडकत होते. खोटं वाटलं तर बैलांना विचारा. सत्तार मूळचा कल्हईवाला. रेडिओचा तुटलेला टाका त्याने असा जोडला, की धावपट्टीवरच्या गोऱ्या साहेबाने त्याला तिथेच ठेवून घेतलं आणि इंग्रजीचे दोन शब्द शिकवले. वैमानिक तीनदा ‘पॅन’ म्हणाला तर नुसती अडचण, ऐकत राहायचं. तीनदा ‘मेडे’ म्हणाला तर जीव जातोय. डांबर ओतलेला गवताचा ढीग पेटवायचा, म्हणजे जाळ पाहून तो उतरेल. गेल्या महिन्यात सत्तारने पॅनवरच ढीग पेटवला, तेव्हा साहेबाने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली होती. आता साहेब नंदुरबारला तापाने पडलेला.

“मरनारा कधी सांगस का, मी मरी ऱ्हायनू म्हनीसन?” दावीद म्हणाला. “मन्हा बाप मरापावत म्हने, जराखा खोकला शे.”

“तुन्हा बापनी गोष्ट येगळी. ह्या गोरा शेतस. त्यास्ना कायदा शे.”

पुन्हा आवाज आला. पॅन, पॅन, पॅन. अदबीने, पाहुणा दुसऱ्यांदा पाणी मागतो तसा. वरची घरघर मात्र अडखळत होती. सत्तारचा हात काडेपेटीवर गेला, परत आला.

“म्हन ना रे, मेडे म्हन,” तो पुटपुटला.

मग तो आवाज एकदम लहान पोराचा झाला. “मेडे! मेडे—”

तिसऱ्यासाठी सत्तार थांबला नाही. धावत जाऊन त्याने ढीग पेटवला. जाळ ताडाएवढा चढला. वर घरघर उरली नव्हती. डोंगराकडून एक दणका आला, गोदामाचं दार लोटल्यासारखा.

सत्तार आत आला. त्या यंत्रातून नुसतं ऐकता येई, बोलता येत नसे. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी त्याने जाळीला ओठ टेकले.

“बेटा, जाळ करी दिधा. आते उतर.”

दारात दावीद टोपी काढून प्रार्थना पुटपुटत होता. सत्तारने हातानेच त्याला गप्प राहायची खूण केली आणि जाळीला कान लावला.